सायकल टूरसाठी कापड निवडताना: नाशिकच्या उन्हात अंग गार राहील आणि कातडीही भाजणार नाही असं

मार्च लागला की सायकलवाल्यांमध्ये तोच वाद, कॉटन घालू की ड्रायफिट, म्हणजे पॉलिस्टरचं लवकर वाळणारं कापड. एक म्हणतो कॉटनशिवाय पर्याय नाही, दुसरा म्हणतो कॉटन घामाने जड होतं, ड्रायफिटच घे, आणि नवीन माणूस गोंधळून शेवटी एखाद्या इव्हेंटला फुकट मिळालेला टी-शर्ट घालून निघतो आणि संध्याकाळी पाठ लाल करून येतो. घोळ असा आहे की अंग गार ठेवणं हे एक काम आणि ऊन अडवणं हे दुसरं काम, आणि बऱ्याचदा दोन्ही कामं एकमेकांच्या आड येतात. ज्या कापडातून वारा मस्त आरपार जातो त्यातून ऊनही जातं. म्हणून कापड निवडायला एक क्रम लागतो: आधी रूट आणि हवा, मग ऊन, मग वारा, मग घाम, त्यानंतर रंग आणि शिवण. लोक नेमकं उलटं करतात, आधी रंग आवडतो, मग ब्रँड बघतात, आणि ऊन किती अडतंय हे घाटात कळतं.

हे सगळं दोन-चार दिवसांच्या, सामान लादून केलेल्या टूरसाठी आहे. सकाळी गंगापूर धरणापर्यंत जाऊन नाष्ट्याला घरी येणाऱ्यांनी काहीही घातलं तरी चालतं, त्यांनी एवढा विचार करू नये.

## टप्पा १: कपाट उघडायच्या आधी रूट बघा

नाशिकहून निघालं की दोन अगदी वेगळ्या हवा मिळतात. पूर्वेला आणि उत्तरेला, म्हणजे निफाड, येवला, चांदवड, मालेगाव, पुढे धुळे, इकडे एप्रिल-मेमध्ये कोरडी हवा, उघडा रस्ता, सावली कमी आणि पारा चाळिशीच्या आसपास. दुसरी बाजू कसारा घाट उतरलात की सुरू होते, तिथे तापमान दोन-चार डिग्री कमी असेल पण हवेत ओल इतकी की घाम वाळतच नाही, नुसता गळत राहतो.

माठातलं पाणी नाशिकला गार होतं आणि कोकणात तेवढं होत नाही, तोच नियम अंगावरच्या कपड्याला. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो शरीरातली साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पूर्ण वाळला तर. थेंब जमिनीवर पडला की त्याचा उपयोग शून्य.

आता दुसरी गोष्ट, जी लोकांना पटायला जड जाते. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३३ ते ३५ डिग्री असतं. हवा ४० डिग्री असेल तर अंगावर येणारा वारा अंग गार करत नाही, उलट तापवतो, गार करणारा फक्त घाम. म्हणून मालेगावच्या रस्त्यावर दुपारी स्लीव्हलेस घालून "हवा लागते" म्हणणाऱ्याला हवा लागते ती गरम, वरून ऊनही थेट. सैल आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट तिथे जास्त बरा पडतो. शेतात मे महिन्यात काम करणारी माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली का असतात ते बघा.

तपासा: टूर कोरड्या बाजूची, दमट बाजूची, की दोन्ही? कागदावर लिहा. दोन्ही असेल तर पुढे दोन वेगळे शर्ट घ्यायचेत, एकात दोन्ही भागवायचा नाद करू नका.

सावध: गार वाटतंय म्हणजे ऊन कमी आहे असं नसतं. इगतपुरीला वारा छान लागतो, त्र्यंबकला सकाळी ढग असतात, पण कातडी जाळणारे अतिनील किरण उष्णतेवर अवलंबून नसतात. फेब्रुवारीत स्वेटर घालून निघालेल्यांचे हात दुपारी भाजतात ते यामुळेच.

## टप्पा २: सायकलवर ऊन कुठे लागतं ते आधी समजून घ्या

उभ्या माणसाला ऊन लागतं डोक्यावर, खांद्यावर, नाकावर. सायकलवर आपण पुढे वाकलेलो असतो, त्यामुळे सगळं फिरतं. सूर्याकडे तोंड करून असते ती पाठ, मानेची मागची बाजू, कानाच्या पाळ्या, पंजाची वरची बाजू, मांडीचा वरचा भाग, आणि कमरेपाशी शर्ट वर सरकला की तिथली चार बोटं उघडी पट्टी. ही पट्टी कोणी मोजतच नाही आणि रात्री लॉजच्या गादीवर पाठ टेकवल्यावर आठवते.

नाशिक साधारण २० अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे २० मेच्या आसपास सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पायाखाली. त्या दिवसांत वाकलेल्या पाठीला सगळ्यात जास्त मार. म्हणजे तुमच्या शर्टाचं सगळ्यात महत्त्वाचं कापड पुढचं नाही, पाठीचं आणि खांद्याचं. हे डोक्यात ठेवा, शिंप्याकडे गेल्यावर कामाला येईल.

## टप्पा ३: घरातल्या कपड्यांची झडती

नवीन घ्यायच्या आधी आहे ते तपासा, निम्म्या लोकांचं काम घरातच होतं. खोलीत अंधार करा, शर्टाच्या आत मोबाईलचा टॉर्च लावा आणि मध्ये हात धरा. बाहेरून बोटं स्पष्ट मोजता आली तर तो शर्ट टूरला नको. बोटांची सावली दिसते पण कडा दिसत नाहीत, तर ठीक. काहीच दिसत नाही तर ऊन अडवायला उत्तम, फक्त वाऱ्याचं बघावं लागेल.

ही टेस्ट ढोबळ आहे. टॉर्च दाखवतो तो साधा उजेड, आणि पॉलिस्टर साध्या उजेडाला आरपार जाऊ देऊनही अतिनील किरण बऱ्यापैकी अडवतं, त्याच्या धाग्याचा तो गुणच आहे. उलट काळी जाळीदार जर्सी टॉर्चपुढे काळीकुट्ट दिसते पण तिच्या भोकांमधून ऊन थेट येतं, दोन दिवसांनी पाठीवर जाळीचे ठिपके उमटतात, खोटं वाटत असेल तर कुठल्याही फुटबॉलवाल्याला विचारा. म्हणून कॉटनला टॉर्च, आणि जाळीच्या कापडाला डोळ्याजवळ धरून भोकं बघणं.

कपाटात ज्याकडे लक्ष जात नाही असे दोन उमेदवार असतात. एक, ऑफिसचा जुना पूर्ण बाह्यांचा कॉटन शर्ट, चांगला पन्नास वेळा धुतलेला. धुवून धुवून कापड आटतं, धागे जवळ येतात, आणि ऊन अडवायची ताकद आधी वाढते. पण कोपर किंवा खांद्यावर झिरझिरीत झाला असेल तर संपला विषय. दुसरा, लांब कुडता. बाजूला चीर असल्याने सीटवर बसता येतं आणि मागची शेपटी कमरेची ती उघडी पट्टी झाकते.

आणि आपल्याकडच्या स्कूटीवाल्या पोरींचा सनकोट? कापड चांगलं असतं, घट्ट विणीचं कॉटन, ऊन मस्त अडवतं. पण तो न हलता बसलेल्या माणसासाठी शिवलेला असतो, काखेत आणि पाठीत हवा खेळायला जागाच नाही, खालचा घेर पॅडलला लागतो. सायकलवर घालू नका, कापडाचा नमुना म्हणून मात्र शिंप्याला जरूर दाखवा.

## टप्पा ४: दुकानात, या क्रमाने तपासा

कापड घ्यायला दिवसा जा. मेन रोड, रविवार कारंजा भागात दुकानं भरपूर, पण ट्यूबलाईटखाली सगळंच छान दिसतं, म्हणून तागा दारापाशी उजेडात आणायला सांगा. दुकानदार थोडा कुरकुरेल, "साहेब प्युअर आहे, डोळे झाकून न्या" वगैरे म्हणेल, म्हणू दे.

१. उजेड. कापडाचा एकच पदर आकाशाकडे धरा. विणीतून बारीक टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर खाली ठेवा. हे सगळ्यात आधी करायचं, कारण निम्मे तागे इथेच बाद होतात. आधी फुंकर मारून बघितलीत तर हवेशीर कापडाच्या प्रेमात पडाल आणि मग उजेडाची टेस्ट करायला मन धजणार नाही.

२. ताण. लायक्रा असलेलं किंवा टी-शर्टचं विणलेलं कापड असेल तर दोन्ही हातांनी जरा ओढा आणि पुन्हा उजेडात धरा. वाकलेल्या पाठीवर ते असंच ताणलेलं असणार. ताणल्यावर फिकट झालं तर एक माप मोठं घ्या, नाहीतर सोडा. बाजारातल्या स्वस्त पांढऱ्या आर्म स्लीव्ह्ज या टेस्टमध्ये हमखास नापास होतात, दंडावर चढवल्या की आतली कातडी दिसते.

३. फुंकर. कापड तोंडाला लावून फुंका, पलीकडे हाताला हवा लागली पाहिजे. अगदीच अडलं तर ते विंडचीटरच्या जातीचं, चढावर त्यात शिजाल.

४. थेंब. पाण्याचा एक थेंब टाका. पसरून मोठा डाग झाला तर घाम पसरेल आणि लवकर वाळेल, थेंब तसाच गोल बसला तर घाम अंगावरच राहील. इथे एक गफलत होते, नव्या कॉटनला खळ असते, त्यावर थेंब बसतोच. म्हणून कॉटनची ही टेस्ट घरी एकदा धुवून झाल्यावरच करा.

५. ओलं करून पुन्हा उजेड. हीच सगळ्यात महत्त्वाची आणि हीच कोणी करत नाही. पातळ पांढरा कॉटन टी-शर्ट कोरडा असताना साधारण ५ ते ७ यूपीएफचा (ऊन अडवायचा आकडा, खाली टॅगपाशी सांगितलाय), ओला झाला की ३ च्या आसपास येतो. म्हणजे घामाने भिजलेल्या पांढऱ्या टी-शर्टातून जवळपास एक तृतीयांश अतिनील किरण आत. बाटलीतलं पाणी अंगावर ओतून घेणाऱ्यांनी हे पाठच करावं. तुकडा ओला करून हातावर ठेवा, कातडीचा रंग दिसला तर ते कापड पाठीला चालणार नाही.

६. धागा जाळून. हे दुकानात करू नका, घरी मोरीत, चिमट्यात धरून. कडेचा एक धागा जाळला की कॉटन कागदासारखा वास देत जळतं आणि बोटाने चुरडणारी राख राहते, पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि कडक काळा मणी राहतो. दोन्ही झालं तर मिक्स. मिक्स वाईट नाही, फक्त प्युअरच्या भावात घेऊ नका.

टॅगचं काय? यूपीएफ म्हणजे कापडातून किती ऊन आत येतं त्याचा आकडा. १५ म्हणजे पंधरावा हिस्सा आत, साधारण ६.७ टक्के. ३० म्हणजे ३.३ टक्के. ५० म्हणजे २ टक्के. टूरसाठी ३० च्या वर असेल तर बस, ५० च्या पुढच्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे घालवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही, कारण ३० आणि ५० मध्ये फरक दीड टक्क्याहून कमी, आणि तुमची उघडी मान शंभर टक्के ऊन खातेय. टॅगवर आकडा नाही, नुसतं "यूव्ही प्रोटेक्शन" लिहिलंय तर ते जाहिरात समजून सोडून द्या आणि वरच्या टेस्ट करा.

"कूलिंग" लिहिलेल्या कापडाबद्दलही तेच. दुकानात हात लावल्यावर गार लागतं कारण ते हाताची उष्णता पटकन ओढून घेतं. ती करामत अंगावर चढवल्यावर थोडाच वेळ टिकते, एकदा कापड अंगाएवढं गरम झालं की मग घाम किती पसरतो आणि वाळतो त्यावरच सगळं.

## टप्पा ५: कुठलं कापड कुठे

कापूस हवेतलंच पाणी स्वतःच्या वजनाच्या ७-८ टक्के धरून ठेवतो, नायलॉन ४ टक्क्यांच्या आसपास, आणि पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. सगळा फरक इथून निघतो.

कोरड्या बाजूला, म्हणजे शिर्डी, येवला, मालेगाव, धुळे, माझं मत सरळ आहे: घट्ट विणीचं कॉटन, पॉपलीन किंवा केंब्रिक, पूर्ण बाह्या, सैल. घाम धरून ठेवतं ही जी कॉटनची बदनामी आहे तीच इथे फायद्याची, कारण धरलेलं पाणी कोरड्या हवेत सावकाश वाळत राहतं आणि अंग गार करतं. मलमल टाळा, घालायला स्वर्ग पण ऊन गाळून आत सोडते. मांजरपाट, न धुवटलेलं, पिवळसर, हे कापड लोक कमी लेखतात, पण ब्लीच न केलेल्या कापसात ऊन शोषणारे नैसर्गिक घटक शिल्लक असतात आणि पांढऱ्याशुभ्र ब्लीच कॉटनपेक्षा ते बरं पडतं. जाडीला थोडं जास्त, तेवढं बघून घ्या. खादीचं असं की तागा-तागा वेगळा, हातविणीत कुठे घट्ट कुठे विरळ, प्रत्येक वेळी उजेडात धरूनच ठरवा.

कसाऱ्याखाली, डहाणू-पालघरकडे, इथे कॉटन चिकटतं, वाळत नाही, रात्री दोरीवर टाकलं तरी सकाळी दमटच. इथे पातळ पॉलिस्टर किंवा नायलॉन, पण जर्सीसारखं अंगाला चिकटणारं नको, विणीचं शर्टाचं कापड, सैल, पाठीत हवेसाठी फट ठेवलेलं.

आणि ज्यांना दोन्हीकडे जायचंय आणि दोन शर्ट घ्यायचेच नाहीत, त्यांच्यासाठी टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर-कॉटन मिक्स, हलक्या वजनाचं. शाळेच्या गणवेशाचं कापड म्हणून नाकं मुरडतील लोक. ऊन अडवतं, लवकर वाळतं, इस्त्री लागत नाही, आणि मंदिरात किंवा कोणाच्या घरी जेवायला गेलात तरी माणसात दिसता. गारव्यात कॉटनएवढं नाही, हे मान्य.

लिनन घालायला छान पण त्याची वीण बऱ्याचदा मोकळी असते, महाग पण आहे. मेरिनो लोकरीला चार दिवस वास येत नाही हे खरं, पण त्या पैशात कॉटनचे तीन-चार शर्ट शिवून होतात. "बांबू" म्हणून मिळतं ते बहुतेक व्हिस्कोसच, म्हणजे लगद्यापासून काढलेला धागा, मऊ लागतं, ओलं झालं की लोंबतं आणि ओल्यात त्याची मजबुती खूप कमी होते, बॅगेच्या पट्ट्याखाली लवकर विरतं. टूरला नको.

सावध: टी-शर्ट घ्यायचाच असेल तर जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, बघा. साधा टी-शर्ट १६० ते १८० जीएसएमचा असतो, सायकलच्या जर्सी त्याहून हलक्या. १२० च्या खाली गेलात आणि रंग पांढरा असेल तर टॉर्चची टेस्ट केल्याशिवाय पैसे देऊ नका.

## टप्पा ६: रंग

उन्हाळा म्हणजे पांढरा हे इतकं बसलंय डोक्यात की विचारायची सोय नाही. पांढरा रंग उष्णता परत फेकतो हे खरं, पण त्याच कापडात त्याच विणीत गडद रंग अतिनील किरण जास्त अडवतो. बेदुइन लोक वाळवंटात काळे झगे घालतात, त्यावर १९८० मध्ये शास्त्रज्ञांनी मोजमाप केलं तर काळ्या झग्याला ऊन जास्त लागलं तरी कातडीपर्यंत पोचणारी उष्णता पांढऱ्याएवढीच निघाली, कारण झगा सैल होता आणि जास्तीची उष्णता मधल्या हवेबरोबर निघून जात होती. अट एकच, सैल. काळी चिकट जर्सी म्हणजे या हिशोबाच्या अगदी उलट.

मधला मार्ग घ्या: आकाशी, पोपटी, मोतिया, फिकट केशरी, आणि कापड घट्ट विणीचं. ट्रकवाल्याला लांबून दिसणं हाही रंगाचाच भाग आहे, मुंबई-आग्रा हायवेवर राखाडी शर्ट घालून जाऊ नका.

## टप्पा ७: शिंप्याकडे

तयार शर्ट घेतलात तरी चालेल, पण शिवून घेतला तर पाठीचं आणि खांद्याचं काम नीट होतं. कॉटन असेल तर आधी पाण्यात घाला, रात्रभर भिजवून, सावलीत वाळवून मगच कापायला द्या. न भिजवता शिवलेला शर्ट पहिल्या धुण्यात आटतो आणि बाही मनगटाच्या वर चढते, म्हणजे तिथे एक पट्टी भाजणार. ३६ इंची पन्हा असेल तर पूर्ण बाह्यांना साधारण अडीच मीटर लागतं, उंच माणसाने थोडं जास्त घ्यावं कारण आपण मागून लांब ठेवणार आहोत.

शिंप्याला हे सांगा, तोंडी नको, चिठ्ठीवर लिहून:

- खांद्यावरचा योक (खांद्यावरून पाठीवर येणारा आडवा तुकडा) डबल असतोच, तो पाठीवर तीन-चार इंच खाली उतरव. सगळ्यात जास्त ऊन लागतं तिथेच कापडाचे दोन पदर फुकटात मिळतात.
- योकच्या खालच्या कडेला पाठ पूर्ण शिवू नकोस, मध्ये फट ठेव आणि आतून जाळी लाव. बाहेरून योकचा पदर त्यावर पडतो, त्यामुळे हवा जाते, ऊन जात नाही.
- मागची लांबी पुढच्यापेक्षा तीन इंच जास्त.
- काखेत कुडत्याला असतो तसा चौकोनी तुकडा, म्हणजे हात पुढे हँडलवर गेल्यावर पाठ ताणली जात नाही.
- कॉलर उभी राहील अशी, आत कडक अस्तर नको, घामाने मान सोलते.
- बाही मनगटाच्या पुढे इंचभर.

सगळ्या शिंप्यांना यातलं निम्मं विचित्र वाटतं. ट्रायलला सायकल घेऊन जा किंवा निदान खुर्चीवर उलटे बसून पुढे हात करून दाखवा, म्हणजे त्याला कळतं मागे कापड का हवंय.

तपासा: हँडल धरल्यासारखं वाका, घरच्या कोणालातरी मागून बघायला सांगा. कंबर उघडी पडते का, मनगट उघडं पडतं का, खांद्यात कापड ताणून पातळ दिसतं का. तीनपैकी एकही "हो" असेल तर परत शिंप्याकडे.

## टप्पा ८: डोकं, मान, हात, पाय

हेल्मेटच्या भोकांमधून डोक्यावर ऊन येतंच, केस विरळ असतील तर पट्ट्यापट्ट्यांनी भाजतं. खाली पातळ कॉटनची टोपी किंवा रुमाल. मानेसाठी पंचा किंवा उपरणं याच्याएवढं चांगलं अजून काही बघितलं नाही, दुहेरी घडी करून ओलं करायचं, टोकं शर्टाच्या आत. ओल्या कापडातून ऊन जास्त जातं हे आपण वर बघितलं, म्हणून एकेरी ओला पंचा मानेवर टाकू नका, घडी हवीच.

सावध: उपरणं, ओढणी, स्टोल, कशाचंही टोक मोकळं सोडू नका. चाकात किंवा चेनमध्ये गेलं तर माणूस मान धरून खाली येतो.

हातमोज्यांची वरची बाजू बघून घ्या, तळव्याचं पॅडिंग सगळे बघतात आणि वरून जाळी असते. बोटं उघडी असतील तर तिथे सनस्क्रीन.

खाली पॅडवाली लायक्रा शॉर्ट, तिच्या आत अंडरवेअर नाही, हे दर वेळी सांगावं लागतं. आतल्या कॉटनच्या शिवणी भिजून घासतात आणि दुसऱ्या दिवशी सीटवर बसवत नाही. काळी लायक्रा ऊन चांगलं अडवते, फक्त जुनी झाली की मागून विरते, उजेडात धरून बघा. तिच्यावर सैल पातळ फुल पँट, उजव्या पायाला क्लिप. जीन्स ऊन अडवण्यात सगळ्यांची बाप, पण सायकलवर तिच्यात एक दिवस काढून दाखवा.

## टप्पा ९: टूरच्या आधीची चाचणी

नवे कपडे घालून थेट मालेगाव गाठायला निघू नका. एखाद्या रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास त्र्यंबक रोडने अंजनेरीपर्यंत जाऊन या, सामानासकट. सपाटीवर सगळंच कापड हवेशीर वाटतं कारण वीसच्या स्पीडला वारा मिळतोच. कापडाची खरी परीक्षा चढावर, नांदुरीपासून सप्तशृंगी गडाच्या घाटात स्पीड सहा-सात वर येतो, वारा बंद, आणि शर्टाच्या आत काय चाललंय ते तिथे कळतं. म्हणून चाचणीत एखादा तरी चढ हवाच, तोही मुद्दाम सावकाश.

परत आल्यावर शर्ट न धुता वाळवा आणि मिठाचे पांढरे डाग कुठे पडलेत ते बघा. काखेत आणि बॅगेच्या पट्ट्याखाली जाड रेघ म्हणजे तिथे हवा पोचत नाहीये. संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाठ, मान, मनगट तपासा. भाजल्याची लाली लगेच दिसत नाही, काही तासांनी चढते, त्यामुळे घरी येऊन आरशात बघून "काही झालं नाही" म्हणण्यात अर्थ नाही. कातडी बोटाने दाबून सोडली की पांढरी होऊन परत लाल होते, ती जागा लक्षात ठेवा, तिथलं कापड बदला किंवा पदर वाढवा.

सावध: कापड कितीही चांगलं असलं तरी मेच्या दुपारी बारा ते चार सायकल चालवायचं लायसन्स मिळत नाही. डोकं गरगरलं, मळमळलं, घाम बंद झाला की लगेच सावली, पाणी, कपडे ढिले, ओला पंचा, आणि बोलणं असंबद्ध झालं तर थेट दवाखाना.

## टप्पा १०: रस्त्यात धुणं

दोन शर्ट, रोज अदलाबदल. मुक्कामी पोचल्या-पोचल्या, चहाच्या आधी, शर्ट साध्या साबणाने धुवायचा, कारण मिठाने कडक झालेलं कापड दुसऱ्या दिवशी घासतं आणि घाम पसरू देत नाही. कम्फर्टसारखं सुगंधी सॉफ्टनर अजिबात नको, त्याचा थर बसतो आणि ड्रायफिट कापडावर थेंब गोल बसायला लागतो. लायक्राला ब्लीच लावलं की लवचिकपणा गेला. वाळत सावलीत घाला, उन्हात रोज टाकलेलं नायलॉन आणि लायक्रा लवकर कुजतं.

कॉटन पिळून झाल्यावर कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर पायाने दाबा, मग दोरीवर टाका, भक्तनिवासाच्या खोलीत पंख्याखाली सकाळपर्यंत वाळतं. तरी ओलसर राहिलं तर कोरड्या बाजूला तसंच घालून निघा, चांगलंच आहे. कसाऱ्याखाली मात्र ओला शर्ट घालू नका, दुसरा घाला आणि ओला मागच्या कॅरियरवर क्लिपा लावून बांधा, बाह्या आत खोचून, चाकापासून लांब.